सहाशे काडतुसांची पेटी

२२ जानेवारी १८७९. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूलँडमध्ये इसांडल्वाना डोंगराच्या पायथ्याशी ब्रिटिशांची छावणी आणि भर दुपारची लढाई. वीस वर्षांचा लेफ्टनंट होरेस स्मिथ-डोरियन गाडीतल्या दारूगोळ्याच्या पेट्या उघडायच्या मागे लागला आहे. तो या रेजिमेंटचा नाही, वाहतुकीच्या कामावर आलेला आहे. तेवढ्यात २४व्या पायदळ रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचा क्वार्टरमास्टर, म्हणजे रसद सांभाळणारा अधिकारी, ब्लूमफील्ड त्याला अडवतो. ही पेटी घेऊ नका, ही आमच्या बटालियनची आहे. तरुण अधिकारी वैतागतो. अशा वेळी काय लेखी मागणीपत्र आणून देऊ? थोड्याच वेळात ब्लूमफील्ड मारला जातो, छावणी बुडते, आणि या चार वाक्यांची चकमक पुढची कित्येक दशकं पुस्तकांतून फिरत राहते. २४वी रेजिमेंट, म्हणजे पुढची ‘साउथ वेल्स बॉर्डरर्स’, इसांडल्वानाला का मेली, तर एका कारकुनी वृत्तीच्या माणसाने पेट्या सोडल्या नाहीत आणि सोडल्या त्यांचे स्क्रू निघाले नाहीत. असं हे सांगणं.

या रेजिमेंटचा इतिहास वाचताना हे ब्लूमफील्डप्रकरण मला फार टोचतं. एक तर तो बाजू मांडायला उरला नाही. दुसरं म्हणजे त्याची बाजू होती. फौजेचे सेनापती लॉर्ड चेम्सफर्ड त्याच दिवशी पहाटे अर्धीअधिक फौज घेऊन झुलू सैन्याच्या शोधात छावणीबाहेर पडले होते. दुसऱ्या बटालियनच्या सहा कंपन्या त्यांच्याबरोबर होत्या. मागे ठेवलेला राखीव दारूगोळा गाडीत भरून तयार ठेवा, निरोप आला की लगेच पाठवायचा, असा हुकूम होता. ब्लूमफील्ड जी गाडी राखत होता ती ही. त्या गाडीतल्या पेट्या दुसऱ्याला वाटून टाकल्या आणि तासाभराने सेनापतीचा निरोप आला असता, तर कोर्ट मार्शल कोणाचं झालं असतं हे सैन्यात चार दिवस काढलेल्या कोणालाही कळेल. आणि तिसरं असं, की स्मिथ-डोरियनने हा संवाद लिहिला तो उतारवयातल्या आठवणींत, चाळीसहून अधिक वर्षांनी. लढाईनंतर लगेच घरी लिहिलेल्या पत्रात मात्र तो सांगतो की आपण आघाडीच्या कंपन्यांना जादा काडतुसं नेऊन देत होतो. म्हणजे पेट्या उघडत होत्या आणि काडतुसं पुढे पोचतही होती.

आता ती पेटी बघू. मार्टिनी-हेन्री बंदुकीच्या काडतुसांची ही पेटी सागवानाची किंवा महोगनीची असे. दोन्ही टोकांजवळ तांब्याच्या पट्ट्या, आत ओल लागू नये म्हणून कथलाचं अस्तर. त्यात दहा-दहा काडतुसांच्या ६० कागदी पुड्या, एकूण ६००. भरलेलं वजन ८० पौंडांच्या आसपास. तांब्याच्या पट्ट्यांवर स्क्रूंची रांग दिसते, आणि दंतकथा जन्मली ती तिथे, कारण वाचणाऱ्याला वाटतं की हे सगळे स्क्रू काढल्याशिवाय पेटी उघडणार नाही. प्रत्यक्षात पट्ट्यांना हात लावायचं कारणच नव्हतं. झाकणाच्या मधोमध एक पाचरीसारखी फळी होती, आमच्या लहानपणच्या लाकडी कंपासपेटीचं झाकण सरकायचं तशी सरकणारी, आणि ती अडकवलेली असे एकाच पितळी स्क्रूने. पेचकस असेल तर अर्ध्या मिनिटाचं काम. नसेल तर फळीच्या कडेवर बंदुकीचा दस्ता किंवा दगड हाणायचा. स्क्रू वाकतो, फळी सुटते, मग अस्तराची कडी धरून ते टराटरा फाडायचं. इसांडल्वानाच्या रणभूमीवर पुरातत्त्ववाल्यांनी शोध घेतला तेव्हा असे वाकलेले स्क्रू सापडले. तिथे कोणी पेचकस शोधत बसलं नव्हतं.

मग अडलं कुठे? त्यासाठी थोडा हिशेब मांडावा लागतो, आणि हा हिशेब वीरगाथा लिहिणाऱ्यांना नेहमीच रुक्ष वाटत आला आहे. शिपायाजवळ ७० काडतुसं असत. कमरपट्ट्याला पुढे दोन चामडी पाकिटं, प्रत्येकात २०, आणि उरलेली ३० सैल पिशवीत सुटी. पळताना, वाकताना ही सुटी काडतुसं गवतात सांडत. एका कंपनीत साधारण ८५ माणसं धरली, तर सहाशेची एक पेटी पोचली म्हणजे माणशी सात काडतुसं. फक्त सात. सगळ्यांची पाकिटं पुन्हा पूर्ण भरायची तर एका कंपनीला दहा पेट्या, म्हणजे ८०० पौंड वजन, आणि आघाडीवर कंपन्या सहा. मागे सरकल्यावरचीसुद्धा रांग तंबूंपासून ८०० ते १,००० यार्ड पुढे होती. एका पेटीला दोन माणसं, खडकाळ जमीन, कमरेइतकं गवत, जानेवारी म्हणजे तिथला भर उन्हाळा. खेचरं आणि गाड्या होत्या, पण त्या कोणी, कधी, कुठल्या कंपनीकडे हाकायच्या याची आधी ठरलेली व्यवस्था नव्हती. पेटी उघडायला अर्धं मिनिट, आणि पोचवायला पंधरा-वीस.

छावणीत काडतुसं लाखांनी होती. ती जिथे हवी होती तिथे नव्हती, इतकंच.

बंदुकीचंही थोडं सांगायला हवं, कारण तिच्या गुणदोषांवरच रांगेची लांबी ठरली. मार्टिनी-हेन्री एकेरी बाराची. दस्त्याखालचा लोखंडी दांडा खाली ओढला की आतला ठोकळा खाली पडतो, रिकामं काडतूस मागे फेकलं जातं, नवं काडतूस अंगठ्याने सारायचं, दांडा वर, बार. सरावलेला शिपाई मिनिटाला दहा-बारा बार काढू शके. गोळी ४८० ग्रेनची, तिच्यामागे ८५ ग्रेन काळी दारू. हजार यार्डांवर जमावाला खिळवून ठेवायची ताकद तिच्यात होती. पण काळी दारू म्हणजे धूर आणि काजळी. पाच-सहा फैरी झाल्या की वारा नसेल तर समोरचं दिसत नाही. वीस-पंचवीस बारांनंतर नळी इतकी तापते की हाताला चटका बसतो, म्हणून जुने शिपाई पुढच्या लाकडाभोवती कच्च्या चामड्याची पट्टी शिवून घेत. सगळ्यात वाईट खोड काडतुसाची. बॉक्सर काडतूस ओतीव नव्हतं, पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेलं आणि बूड लोखंडाचं. तापलेल्या, काजळलेल्या खोबणीत तो पत्रा चिकटून बसे आणि दांडा ओढला की बूड तुटून बाहेर, नळकांडं आत. मग ते सळईने किंवा चाकूने उकरत बसायचं, समोर माणूस भाला घेऊन धावत येत असताना. शिवाय दणका असा की चाळीस-पन्नास बारांत खांदा काळानिळा. अशा बंदुकीवर भरवसा ठेवून शिपाई विरळ उभे केले होते, दोघांत काही पावलांचं अंतर सोडून. बंदूक लांबूनच काम संपवेल ही त्यामागची समजूत. संगीन लावायची वेळ आलीच, तर मात्र खांद्याला खांदा भिडवून उभं राहावं लागतं, आणि विखुरलेल्या माणसांना धुरात, धावपळीत एकत्र आणणं हे कवायतीच्या मैदानावरही सोपं नसतं.

शिवाय सगळी चूक या बाजूचीच होती असं धरणं हा समोरच्यांचा अपमान आहे. चेम्सफर्डने फौज दुभागली, छावणीभोवती गाड्यांचा कोट केला नाही, जमीन खडकाळ म्हणून खंदक खणले नाहीत, हे सगळं खरं. पण सुमारे वीस हजारांचं झुलू सैन्य त्यांच्या घोडेस्वारांना चकवून काही मैलांवरच्या दरीत आवाज न करता बसलं होतं, याचं श्रेय न्त्शिंग्वायो खोझा या सत्तरीकडे झुकलेल्या सेनापतीचं आहे. झुलू व्यूह रेड्याच्या आकाराचा: मधली छाती समोरून दाबते, दोन शिंगं दोन्ही बाजूंनी वळून मागे मिळतात, कंबर राखीव. उजवं शिंग डोंगराच्या पाठीमागून गेलं आणि त्याने परतीचा रस्ता कापला. आघाडीवर लढणाऱ्यांना ते दिसणंच शक्य नव्हतं. तोफेचा गोलंदाज बाजूला सरकताना दिसला की झुलू योद्धे खाली पडत आणि गोळा गेल्यावर उठत. हे काही अंधळेपणाने मृत्यूच्या तोंडात धावणाऱ्या टोळीचं लढणं नव्हे.

काडतुसं खरोखर संपली ती बहुधा दुसऱ्यांची. कर्नल डर्नफर्डचे नाताळ या शेजारच्या ब्रिटिश वसाहतीतले आफ्रिकी घोडेस्वार छावणीच्या उजवीकडे एका ओढ्याच्या पात्रात उतरून डावं शिंग रोखून धरत होते, आणि फार चांगलं रोखलं होतं त्यांनी. ते सकाळी उशिरा आले होते, त्यांच्या गाड्या मागून आल्या, त्या कुठे सोडल्या हे दारूगोळा आणायला धाडलेल्यांना सापडेना. दुसऱ्यांच्या गाडीवर आपल्याला कोण देणार? ते मागे हटले तशी २४व्या रेजिमेंटची उजवी बाजू उघडी पडली आणि सगळी रांगच तंबूंकडे ओढली गेली. गोळीबार थांबला तो काडतुसं नव्हती म्हणून नव्हे. माणसं पाठ फिरवून चालू लागली की बार थांबतातच, आणि जमिनीला चिकटून बसलेल्या झुलू पथकांना नेमकी तीच काही मिनिटं मिळाली. अडीचच्या सुमारास खंडग्रास सूर्यग्रहण लागलं तेव्हा बहुतेक सगळं उरकत आलं होतं. छावणीतल्या सुमारे १,७०० माणसांपैकी १,३००हून अधिक मेले. त्यांत २४व्या रेजिमेंटचे सहाशेच्या आसपास. झुलूंचेही किमान हजार गेले. जिंकूनही त्यांच्या गावागावांत आकांत झाला असणार, पण त्याची नोंद करायला तिथे रेजिमेंटचा इतिहासकार नव्हता.

त्याच संध्याकाळी सोळा-सतरा किलोमीटरवर रोर्क्स ड्रिफ्टला याच रेजिमेंटच्या एका कंपनीने हीच बंदूक, हीच पेटी, हाच स्क्रू घेऊन रात्रभर तीन-चार हजारांना थोपवलं. दीडशेच्या आसपास माणसं, त्यांतली पस्तीसेक आजारी. फरक कशात होता? मक्याची दोनशे पौंडी पोती आणि बिस्किटांच्या जड पेट्या एकावर एक रचून केलेली छातीभर भिंत, आणि हे सुचवण्यात पुढाकार कमिसारियटच्या जेम्स डाल्टनचा, म्हणजे पुन्हा एका रसदवाल्याचा. कोट आवळत आणला तसा पेटी ते बंदूक हा पल्ला दहा-वीस पावलांवर आला. धर्मोपदेशक जॉर्ज स्मिथ रांगेमागून पुड्या वाटत फिरला. फ्रेडरिक हिच आणि विल्यम ॲलन हे दोघे जखमी होऊन बंदूक धरेनासे झाले, तेव्हा काडतुसं पोचवत राहिले. सकाळी मोजलं तर वीस हजारांवर बार झाले होते आणि नऊशेच्या आसपास काडतुसं शिल्लक होती. ११ व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले सात २४व्या रेजिमेंटला. उजाडल्यावर आसपास पडलेल्या जखमी झुलूंना ठार मारण्यात आलं, हे त्या ११ पदकांच्या उजेडात बराच काळ कोणाला दिसलं नाही. डाल्टनला पदक मिळालं खरं, पण पहिल्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

आणि हे सगळे वेल्श होते का?

रोर्क्स ड्रिफ्टवरच्या ‘झुलू’ या सिनेमात ते वेल्श म्हणून छान गातात. पण १८७९ साली या रेजिमेंटचं नाव ‘दुसरी वॉरिकशायर’ होतं, उभारणी १६८९ साली इंग्लंडमधल्या केंटची. १८७३मध्ये तिचं भरतीचं ठाणं वेल्समधल्या ब्रेकनला आलं आणि तिथून हळूहळू वेल्श पोरं येऊ लागली. रोर्क्स ड्रिफ्टला २४व्या रेजिमेंटचे जे १२२ जण होते त्यांच्या जन्मगावांचा शोध घेतला गेला, तेव्हा ४९ इंग्लिश, ३२ वेल्श, १६ आयरिश निघाले, बाकी इकडचेतिकडचे किंवा ठाऊक नसलेले. ‘साउथ वेल्स बॉर्डरर्स’ हे नाव मिळालं ते १८८१मध्ये, लढाईनंतर दोन वर्षांनी. मला यात फसवणूक वाटत नाही. मेलेले बर्मिंगहॅमचे असोत की कॉर्कचे, त्यांची आठवण ब्रेकनने सांभाळली. खाणीतून भरती झालेल्या पुढच्या पोरांना ती आपल्याच आजोबांची म्हणून सांगितली गेली, आणि दोन पिढ्यांत ती तशी झालीही.

सांभाळलेल्या वस्तूंत मुख्य म्हणजे एक निशाण. इसांडल्वानाहून पहिल्या बटालियनचं राणीचं निशाण घेऊन ॲडजुटंट मेलव्हिल घोड्यावरून निघाला, आणि पुराने फुगलेल्या बफेलो नदीत ते हातातून गेलं. तो आणि त्याच बटालियनचा अधिकारी कॉगहिल पलीकडच्या काठावर मारले गेले. दोन आठवड्यांनी पाणी उतरल्यावर शोधपथकाला आधी खडकांत निशाणाची खोळ सापडली, मग पाण्यातून वर आलेली काठी. बाहेर काढताना रेशीम तुकड्या-तुकड्यांनी गळत होतं. १८८० साली राणी व्हिक्टोरियाने त्या काठीवर न कोमेजणाऱ्या सुक्या फुलांचं कडं ठेवलं. पुढे रेजिमेंटच्या निशाणावर कायमचं चांदीचं कडं आलं. मूळ निशाण आज ब्रेकनच्या कॅथीड्रलमध्ये आहे. दुसऱ्या बटालियनची दोन्ही निशाणं मात्र गेली ती गेलीच. त्यांच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. आणि तीस वर्षांपूर्वी पंजाबात, १३ जानेवारी १८४९ला चिलियनवालाला, याच रेजिमेंटने आणखी एक राणीचं निशाण गमावलं होतं. तिथे तर बार न काढता नुसत्या संगिनींनी तोफा घ्यायचा हुकूम होता. झाडीतून धावत ही मंडळी बाकीच्या ब्रिगेडच्या इतकी पुढे गेली की तोफांपर्यंत पोचली तेव्हा दमलेली आणि एकटी होती. पाचशेवर मेले किंवा जखमी झाले. पुढे गेलेल्यांमागे कोणी नाही आणि काही नाही, ही या रेजिमेंटच्या नशिबातली जुनीच ओळ. जानेवारी १८७९मध्ये दोन्ही बटालियनचे अधिकारी एकत्र जेवले आणि त्यांनी चिलियनवालाची आठवण काढून या वेळी नशीब बरं असू दे म्हणून पेले उंचावले, असं सांगतात.

ही ओळ नंतर आपल्याकडच्या माणसांपर्यंत येऊन भिडते. डिसेंबर १९१५मध्ये आजच्या इराकमध्ये टायग्रिस नदीच्या वळणावर कूट गावात जनरल टाउनशेंडची सहावी पूना डिव्हिजन तुर्कांनी वेढली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या, कोकणातली आणि घाटावरची पोरं. त्यांना सोडवायला जी फौज नदीकाठाने वर सरकत होती, तिच्यात १३व्या डिव्हिजनमधून साउथ वेल्स बॉर्डरर्सची चौथी बटालियन गॅलिपोलीहून आलेली. ५ एप्रिल १९१६ला फलाहियाच्या खंदकांपाशी कॅप्टन अँगस ब्युकॅनन आणि ९ एप्रिलला सन्नायतला शिपाई जेम्स फिन यांनी उघड्यावर पडलेल्या जखमींना वाचवलं आणि दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्युकॅनन ग्लॉस्टरशायरचा, फिन कॉर्नवॉलचा. सन्नायतला एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला सुवैकियाची दलदल, मधे चिखलाची अरुंद पट्टी. बगल मारायला जागाच नाही. ६, ९ आणि २२ एप्रिलचे तिन्ही हल्ले त्या चिखलात रुतले. कूट तिथून अवघं पंचवीसेक किलोमीटर.

आत वेगळाच हिशेब चालू होता. गोऱ्या शिपायांना मैद्याचा पाव आणि घोड्याचं मांस मिळे. मैद्याने त्यांना बेरीबेरी झाला, पण मांसामुळे स्कर्व्हीपासून बरेच वाचले. आपली माणसं घोडा खायला तयार नव्हती. आटा आणि जवाच्या पिठाने त्यांना बेरीबेरी शिवला नाही, पण भाजी नाही आणि मांस नाही म्हणून हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा उकलू लागल्या. धर्मगुरूंची परवानगी हिंदुस्थानातून मागवून वाचून दाखवली, तेव्हा अखेरच्या दिवसांत काहींनी घास घेतला, तोवर फार उशीर झाला होता. विमानांतून पिठाची पोती टाकून पाहिली, ती पुरी पडेनात आणि काही थेट नदीत पडली. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ ही बोट २७० टन रसद घेऊन प्रवाहाविरुद्ध निघाली आणि तुर्कांनी पात्रात आडव्या लावलेल्या तारदोरात अडकली. पाच दिवसांनी, २९ एप्रिलला, कूट पडलं. सुमारे १३,००० माणसं कैदेत गेली.

पुढच्या फेब्रुवारीत जनरल मॉडच्या फौजेने कूट परत घेतलं. चौथी बटालियन त्या फौजेत होती. या वेळी आधी नदीवरच्या बोटी वाढवल्या, रेल्वेची नवी फाटी टाकली, धान्य आणि गोळे महिनोन्महिने साठवले आणि मगच पाऊल उचललं. तेव्हा कूटचे मराठा कैदी, जे जगले होते ते, वाळवंटातल्या रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेचे रूळ टाकत होते. युद्धसन्मान वाटले गेले तेव्हा साउथ वेल्स बॉर्डरर्सना ‘कूट-अल-अमारा १९१७’ मिळाला आणि तिन्ही मराठा पलटणींना ‘कूट-अल-अमाराचा बचाव’. २४व्या रेजिमेंटच्या निशाणावर चिलियनवालाचं नाव आहे. इसांडल्वानाचं नाही. तिथे फक्त ‘दक्षिण आफ्रिका १८७७-८-९’ असं लिहिलेलं आहे.